चौघांची सोय

दिंद्रुडच्या छबुबाईला भरदुपारी अनोळखी माणसाचा फोन आला. "मावशी, तुमच्या सोमनाथच्या गावच्या सरकारी कचेरीतून बोलतोय. त्यानं अर्जात तुमचा पत्ता दिलाय. तो, बायको आणि दोन लेकरं, चौघांची तुमच्याकडं राहायची सोय होईल ना?"

छबुबाईला आभाळ ठेंगणं झालं. सोमनाथ लांब समुद्राकाठच्या अणुवीज प्रकल्पात फिटर होता, सहा वर्षांत गावाकडं फिरकला नव्हता. धाकटी नात तर तिनं फोनमध्येच पाहिलेली!

"हुईल की! दोन खोल्या हायत्या, दारात बोर हाय. मी येकटीच तर ऱ्हाती हितं." बोलता बोलता तिनं एका हातानं गोधड्या उन्हात टाकायलासुद्धा घेतल्या. "किती दिस ऱ्हातेल?"

"महिनाभर. कदाचित जास्तच."

"वरीसभर ऱ्हाऊ द्या की वो! पर येनार कवा?"

पलीकडचा माणूस अडखळला. "तसं नाही, मावशी. प्रकल्पात कधी मोठा अपघात झालाच, तर आसपासचं गाव लगेच हलवायचं. तेव्हा कोण कुणाकडं जाणार, एवढंच आत्ता लिहून ठेवतोय. मग, तुमचं हो लिहू?"

छबुबाई खाली बसली. "लिव्हा."

फोन ठेवून तिनं नारायणगडावरच्या देवाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. "नगद नारायणा, सहा वर्सं झाली, लेकाला घरी धाड म्हनून रोज तुझ्या पाया पडती. तेवढं मागनं आता इसरून जा."