पितळी परात

"पुढारी तोच, जो सेवक होतो," पाळकसाहेब म्हणाले आणि शांतवनच्या घरून मागवलेली पितळी परात त्यांनी वेदीपुढे ठेवली. चर्चच्या पंचांसाठी नेतृत्वाचं शिबिर होतं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे ते आता पंचांचे धुणार होते.

पहिल्या पंचांनी मोजे काढले. पाय लख्ख होते. साबणाचा वास शेवटच्या बाकापर्यंत आला. बाकीचेही घरून पाय घासूनच आले होते. त्या बाकावर बसलेल्या शांतवनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तरातरा पुढे गेला आणि त्यानं परात उचलली. पाणी पाळकसाहेबांच्या पँटवर सांडलं.

"काका, अहो, हे काय?"

"माझी मार्था आठ महिने खाटेला खिळली होती. ह्याच परातीत मी तिचे सडलेले पाय धुतले. बावीस वर्षं तिनं हे चर्च झाडलं. तुमच्यातला एक तरी आमचा उंबरा चढला का?"

"शिबिर संपल्यावर बोलू, काका," एक पंच मोजे चढवत म्हणाले.

"तिच्या दफनाला भाषणं करायला मात्र सगळे आलात! पलीकडच्या गल्लीत रूथमावशी तशाच पडून आहेत. पाय धुवायचेत ना? चला."

परात काखेत मारून तो निघाला. फाटकाशी त्यानं मागे वळून पाहिलं, तर पाळकसाहेब एकटेच खांद्यावर टॉवेल टाकून येत होते.

"साबण घ्या," शांतवन खेकसला. "तिथं लागेल."