पुंजाजीचा खांदा

"कधी दुखतो, काका?" साधनानं विचारलं.

"पोळ्या लाटताना," पुंजाजी म्हणाला.

साधनाचा पेन थांबला. समोर साठीचा, भरघोस मिशांचा, भाजीच्या मळ्यात उन्हानं रापलेला माणूस बसला होता. वाशिमच्या त्या छोट्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून तिचा हा दुसराच महिना. पण पोळ्या लाटून खांदा धरलेला पुरुष तिनं आजच पाहिला.

"आणखी कधी?"

"वेणी घालताना." बोलून गेल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी जरा घट्ट केली. टोपीखाली टक्कल होतं.

साधनानं त्याला तपासायलाच घेतलं. उजवा हात समोरून वर, बाजूनं वर, मानेमागे, पाठीमागे. कोन मोजायची पट्टी तिनं खांद्याला लावली. हात सरळ कानाला जाऊन टेकला. तिच्या स्वतःच्या खांद्यापेक्षा हा खांदा मोकळा होता.

मग ताकद. "हात असाच बाजूला धरा. मी वरून दाबते, तुम्ही दाबू द्यायचा नाही."

तिनं नुसती बोटं ठेवली. हात धपकन मांडीवर पडला. पुन्हा धरायला लावला, पुन्हा पडला. तुलनेसाठी तिनं डावा घेतला. तोही पडला.

"दुखतो कोणता म्हणालात?"

"उजवा."

"मग डावा का सोडला?"

पुंजाजीनं थोडा विचार केला. "त्याले सोबत म्हून."

"काका, दोन्ही हातांत एवढी कमजोरी असेल तर मानेतल्या नसा तपासाव्या लागतील. अकोल्याला पाठवते. वेळ पडली तर ऑपरेशनही..."

पुंजाजी ताडकन उठला. पडदा सारून त्यानं बाहेर पाहिलं. त्याची बायको अंजना मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली होती. तो परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मले काईच नाई झालं. खांदा तिचा हाय. चार महिने झाले, हात छातीच्या वर जात नाई. दवाखान्यात चाल म्हटलं का भांडते. तिची बहीण गुडघा दाखवाले गेली अन् टाके घालूनच घरी आली. तवापासून म्हनते, डॉक्टर चिरल्याबिगर सोडतच नाई. मंग मी म्हटलं, माहा खांदा दुखून राह्यला, तू सोबत चाल."

"आणि पुढे काय करणार होता?"

"तुमी मले व्यायाम सांगान. मी घरी ते चुकीचे करन. मी चुकलो का तिले राहवत नाई, ते सोता करून दाखवते."

साधनाला हसू आवरेना. "न पाहिलेल्या खांद्याला मी व्यायाम देत नाही," ती म्हणाली. मग तिनं पडद्याबाहेर मान काढली. "काकू, जरा आत या. मी काय सांगते ते काकांना समजतच नाहीये."

अंजना लगेच आत आली. "समजनार नाईच," ती म्हणाली. "काय कराचं हाय?"

"हात समोरून वर न्यायचा."

पुंजाजीनं हात आडवा नेला.

"समोरून म्हनून राह्यल्या त्या," असं म्हणत अंजनानं स्वतःचा उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि अडला. पुंजाजीला दाखवत असल्यासारखी साधनानं तिच्या खांद्याला पट्टी लावली. पंच्याऐंशी अंश. बाजूनं सत्तर. पाठीमागे तर हात कमरेपर्यंतही पोचला नाही.

"आता ताकद. मी दाबते, काकूंनी सोडायचा नाही. काका, नीट बघा."

अंजनाचा हात थरथरायला लागला. तिनं ओठ आवळले. डोळ्यांत पाणी आलं, पण हात खाली आला नाही. पुंजाजीच्या मिशीतलं हसू गेलं.

"सोड ना," तो म्हणाला.

"सोडाचा नाई म्हटलं त्यायनं."

साधनानंच हात काढून घेतला. मग पुंजाजीकडे बघत ती म्हणाली, "खांदा आखडलाय, पण ताकद चांगली आहे. चिरायचं काही काम नाही. रोज शेकायचा. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. दर सोमवारी इथे यायचं. वेळ लागेल, पण मोकळा होईल."

पुंजाजी मान डोलवत होता. ऐकत होती ती अंजना.

"भिंतीवर किती येळा?" तिनं विचारलं.

"दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काकांकडून करून घ्याल ना?"

"घेतो ना," अंजना म्हणाली.

दोघं बाहेर पडली. जाताना पुंजाजीनं बायकोच्या पाठीआडून साधनाला हात जोडले. साधना पुढच्या पेशंटला हाक मारणार, तेवढ्यात पडदा पुन्हा हलला. अंजना एकटीच आत आली होती.

"मॅडम, कागदावरचं ह्यायचं नाव खोडा, अन् अंजना लिवा," ती म्हणाली. "घरून निंगतानाच समजलं होतं मले. पन एवढ्या हौसेनं खोटं बोलून राह्यले होते, म्हटलं, कायले मन मोडाचं."