पुलावरची शिट्टी

एरवी जोडे शिवणारे आमचे पणजोबा लढाईच्या दिवसांत गावरक्षक दलात होते. शत्रू नदीपलीकडे, म्हणून रात्री पुलावर पहारा करायचा आणि पलीकडून कोणी येताना दिसलं की शिट्टी फुंकायची.

"एकदाही फुंकावी लागली नाही," जोड्याला टाके घालता घालता आजोबा नेहमीसारखे सांगू लागले. "माझ्या बापाचा दराराच तसा होता. चिटपाखरू फिरकलं नाही."

पणजोबांबद्दल आणखी काही हाती लागतंय का म्हणून मी ट्रंक उपसली, तर ती शिट्टीच सापडली. फुंकून पाहिली. गाल दुखले, पण आवाज काही फुटेना. टाचणीने कोरलं, तेव्हा आतून काळ्या मेणाचा गोळा निघाला. आजोबा दोऱ्याला लावतात तेच मेण.

आजोबांचा हात थांबला.

"आजोबा, पणजीचं माहेर कुठलं?"

"नदीपलीकडचं."

"आणि लग्न कधी झालं त्यांचं?"

"लढाई चालू होती तेव्हाच."

त्यांनी तो गोळा माझ्या हातातून घेतला, बोटांत मळून मऊ केला आणि होता तसा परत शिट्टीत दाबून बसवला.