म्हशीच्या जागेवर

व्यायल्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हैस बसली ती उठेना. भानुदासनं तासाभरात गुरांचा डॉक्टर आणला. त्यानं शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवली आणि घटकाभरात म्हैस धडपडून उभी राहिली.

"व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम दुधात उतरतं," डॉक्टर म्हणाला. "वेळेवर बोलावलंत म्हणून वाचली."

भिंत धरून उभी असलेली भानुदासची बायको शेवंता ऐकत होती. तीन पोरांना अंगावर पाजून दोन वर्षं तिची हाडं ठणकत होती. नवऱ्याचं औषध एकच: "बाईच्या जातीला दुखायचंच." म्हशीला मात्र असलं कोणी म्हणालं नव्हतं. तिनं म्हशीच्या जागेवरचा पेंढा सारखा केला आणि फतकल मारून बसली.

"डॉक्टरांना चहा टाक की!" भानुदास खेकसला.

"मीबी बसले. तालुक्याच्या दवाखान्यात न्या, मगच उठंन."

डॉक्टरला हसू आवरेना. भानुदासनं आधारासाठी आईकडं बघितलं. म्हातारीनं पदर खोचला.

"बघतोस काय, मुडद्या? गाडी काढ!" ती म्हणाली आणि कण्हत सुनेशेजारी टेकली. "आमच्या दोघींसाठी काढ. मी पाच पाजलेत."