औषधाची विहीर

लटारूची बोटं अजून पिवळी होती. ‘विहिरीत टीसीएल टाक,’ असा तोंडी निरोप गोंडपिपरीहून आला होता. ग्रामपंचायतीच्या या नव्या चपराशाने ब्लीचिंग पावडरचं, म्हणजे खऱ्या टीसीएलचं, पोतं बाजूला ठेवलं आणि हैज्याच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्यांसाठी आलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल एकेक सोलून बौद्ध मोहल्ल्याच्या विहिरीत ओतल्या.

"टेट्रासायक्लिनले टीसीएल कोण म्हणते रे?" नर्स सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"पोत्यावर नाव नव्हतं, बाई. डब्यावर टी होता, सी होता, एल सुदा होता."

विहिरीवर गर्दी होती. वरच्या मोहल्ल्याची विहीर हैज्यामुळे बंद होती. तरी तिकडची माणसं इथे न येता नाल्याचं पाणी पीत होती. औषध पडल्याचं कळलं तशी आज पाण्याचे गुंड-घागरी घेऊन उतरली. सगळ्यांत पुढे बापूराव. त्यांचा नातू अंथरुणाला खिळला होता.

"विहीर उपसा," बाई म्हणाल्या. "पाणी बोडीच्या तळ्यात सोडू नका, मासे आहेत. खड्डा खणा, औषध शोषायले कोळसा पसरा, त्यात ओता."

लटारू जवळ सरकला. "उपसतो. पण या लोकायले सांगू नका, बाई. औषध आहे म्हणून आले. नाईतर परत नाल्यावर जातील."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बापूरावांच्या भरल्या गुंडाकडे.

"ओता ते, बापूरावभाऊ. एवढ्याशा औषधानं रोग मरत नाई, उलटा मुजोर होते. नातवासाठी कॅप्सूल मी आणून देते. पाणी उद्यापासून इथलंच पाजा."

बापूरावांनी गुंड रिकामा केला.

दिवसभर उपसा चालला. झऱ्यांनी नवं पाणी धरलं. लटारूने बाईंसमोर त्यात ब्लीचिंग पावडर कालवून टाकली. सकाळी पाणी तळापर्यंत दिसत होतं. तो वरच्या मोहल्ल्यात हाका मारत फिरला, "पाणी साफ झालं हो!"

बापूराव गुंड घेऊन खाली आले. विहिरीपाशी थांबले.

"औषध निघालं सारं?"

"सारं निघालं, भाऊ. आता निव्वळ पाणी."

"तेच म्हणतो," बापूराव म्हणाले, आणि गुंड खांद्यावर घेऊन नाल्याच्या वाटेला लागले.