बोल राजा

डेरिक हॅलम बेरिलच्या शवपेटीशेजारी बोलायला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली.

हाच तो आमचा डेरिक! उभ्या यॉर्कशरला जन्मभर टीव्हीवरून संध्याकाळच्या बातम्या सांगितल्या यानं. पूर आले, खाणी बंद पडल्या, गडी कधी अडखळला नाही. आणि आज नुसता तोंड उघडत होता, मिटत होता. आधी वाटलं, रडू आवरतोय बिचारा. मग चर्चच्या बाकांवर चुळबूळ सुरू झाली.

"समोर कॅमेरा नाही ना, म्हणून बंद पडलंय," म्हातारी एडना म्हणाली. तिच्या जिभेला मेलं हाड नाही.

डेरिकनं खिशातून काहीतरी काढलं आणि कानात घातलं. स्टुडिओतला इअरपीस होता तो, वायर तुटलेला. यातूनच बेरिल त्याच्याशी बोलायची. कंट्रोल रूमच्या काचेपलीकडे बसून त्याला सांगायची, हळू बोल, जरा हस, आता आवर. लोकांना दिसायचा तो, पण सगळी सूत्रं तिच्या हातात.

आता तो कान देऊन तिची वाट बघत होता. बघवेना हो.

पहिल्या बाकावरून बेरिलचा नवरा अर्नल्ड उठला आणि त्याच्याजवळ गेला. "काय झालं रे?"

"माफ कर, अर्नल्ड. तिनं सांगितल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही."

"काय सांगायची?"

"तीन, दोन, एक. बोल राजा."

"राजा," अर्नल्ड हळूच म्हणाला. "मला नाही कधी म्हणाली. दिवसभर तुझ्या कानात बोलून घरी यायची, आणि म्हणायची, अर्नल्ड, आता एक शब्द नको, जीव शिणलाय. मीही गप्प बसायचो. म्हटलं, रिटायर झाली की बोलू निवांत."

रिटायर होऊन तिला महिनासुद्धा झाला नव्हता.

डेरिकनं मान खाली घातली. अर्नल्डनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, घसा खाकरला. "तीन. दोन. एक." पुढचा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. "बोल, बाबा."

आणि डेरिक बोलला. असा बोलला, की एडनासुद्धा डोळे पुसायला लागली.

नंतर सगळे शेजारच्या क्लबात चहा-सँडविचला निघाले. अर्नल्ड जागचा हलला नाही. त्यानं डेरिकपुढे हात पसरला. "ते दे जरा."

डेरिकनं कानातून इअरपीस काढून दिला. अर्नल्डनं तो रुमालानं पुसला, आपल्या कानात घातला आणि डोळे मिटून बसला.

"चल रे अर्नल्ड, चहा निवतोय," एडनानं दारातून हाक मारली.

त्यानं डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

"एक शब्द नको, एडना."