पक्ष्याची तब्येत

पियुषने हौसेने आणलेला बजी पोपट शिंकायला लागला, तसं त्याने त्याला रामदासपेठेतल्या डॉक्टरकडे नेलं. "कूलरची थेट हवा नको, अगरबत्ती नको, घरात सिगरेट तर नकोच," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत कूलरचं तोंड फिरलं, अगरबत्त्या कपाटात गेल्या, पियुष सिगरेट ओढायला गच्चीवर जाऊ लागला. दम्याने बेजार झालेले त्याचे बाबा हेच कितीतरी वर्षं मागत होते. त्या रात्री ते आडवे होऊन झोपू शकले.

आठवड्याभराने, घरात बाबांशिवाय कुणी नसताना, बजी मेला. बाबांनी पिंजऱ्यावर आपला दुपट्टा नीट पांघरला.

"काहून झाकलं, बाबा?" पियुषने आल्या आल्या विचारलं.

"हळू बोल गा, झोपून राहिला तो. अन् सिगरेट गच्चीवरच ओढजो."